लांबच्या क्लायंटचं काम नीट समजून घ्यायचं कसं? टॉवेलवाल्यांकडून शिका!



या आठवड्याचा व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल, मुद्दे सगळे इथे सविस्तर देतोय. खाली मेसेजचा एक नमुना आहे, तो कॉपी करून तुमच्या टीममध्ये लगेच वापरा.

आजचा विषय छोट्या सॉफ्टवेअर टीमसाठी आहे. भवानी पेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन चार-पाच मुलांचं ऑफिस चालवणारे, किंवा सोलापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारे, असे तुम्ही असाल तर हा लेख तुमचाच आहे. डिझाइन, अकाउंटिंग, प्रिंटिंग अशी कामं लांबच्या ग्राहकासाठी करत असाल तरी वाचा.

एका वाक्याचे किती अर्थ?

क्लायंटचा मेसेज येतो: "बिल रद्द करायची सोय पाहिजे."

सोपं वाक्य आहे. ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे येतात, "ओके सर", "नोटेड सर". आता जरा थांबा आणि याचे अर्थ मोजा.

१. चुकून टाकलेलं, अजून कुणाला न पाठवलेलं बिल पुसून टाकायचं?
२. पाठवलेलं बिल यादीत ठेवून त्यावर फक्त 'रद्द' असा शिक्का मारायचा?
३. माल परत आला म्हणून क्रेडिट नोट काढायची?
४. बिलातल्या दहा आयटमपैकी दोनच काढायचे?
५. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर जाऊन आयआरएन रद्द करायचा?

आणखी प्रश्न आहेतच. रद्द केल्यावर माल स्टॉकला परत दाखवायचा का? तोच बिल नंबर पुन्हा वापरायचा का? रद्द करायचा अधिकार कुणाला, अकाउंटंटला की सेल्समनलाही?

यात कायद्याचाही भाग आहे. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला केलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. त्याचा आयआरएन निघाल्यापासून २४ तासांच्या आतच पोर्टलवर रद्द करता येतो. रद्द होतं ते अख्खं बिल, अर्धं नाही. तो बिल नंबर परत वापरता येत नाही. ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. २४ तास उलटले की क्रेडिट नोटचा रस्ता.

म्हणजे वरच्या पाच अर्थांपैकी तुम्ही चौथा धरून काम केलं, आणि क्लायंटच्या मनात पाचवा होता, तर सगळं काम पुन्हा! समजा दोन जणांचे दहा दिवस गेले. एका माणसाचा एक दिवस पगार, भाडं, वीज, इंटरनेट धरून तुम्हाला दीड हजाराला पडतो. झाले तीस हजार. हे पैसे क्लायंट देत नाही. तो म्हणतो, "मी तर सांगितलं होतं." आणि खरंच, त्याने सांगितलं होतंच की!

छोट्या टीमला असा फटका महिन्यात दोनदा बसला की मुलांचे पगार दहा तारखेवर जातात. म्हणून हा विषय टेक्निकल लोकांवर सोडून देऊ नका. हा मालकाच्या गल्ल्याचा विषय आहे.

टीम विखुरलेली असली की घोळ का वाढतो?

एकाच छताखाली बसलेल्या माणसांचं बरंचसं काम न विचारताच निभावतं. समोरच्याचा चेहरा बघून कळतं की याला समजलेलं नाही. चहाच्या टपरीवर सहज विषय निघतो आणि चूक सापडते.

आता ही टीम बघा. क्लायंट मुंबईत. बिल प्रत्यक्ष करणारा त्यांचा अकाउंटंट इचलकरंजीच्या फॅक्टरीत. तुमची दोन मुलं भवानी पेठेत, एक डेव्हलपर पुण्यात, टेस्टिंग करणारी मुलगी हैदराबादहून काम करते. पाच ठिकाणी सहा माणसं. प्रत्येकाने 'बिल रद्द' हे वाक्य वाचलंय आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र आहे. कुणीच कुणाचं चित्र बघितलेलं नाही.

क्लायंट परदेशात असेल तर घड्याळही आडवं येतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तुम्ही सकाळी दहाला प्रश्न पाठवला तेव्हा तिकडे मध्यरात्र असते. उत्तर येतं आपल्या संध्याकाळी, तुमची मुलं ते वाचतात दुसऱ्या दिवशी. म्हणजे एका प्रश्नाला एक दिवस. रोज एकेक करून पाच प्रश्न विचारले तर आख्खा आठवडा संपला!

तिसरी गोष्ट भाषा. आपल्याच भाषेतलं बघा. "परवा देतो" म्हणजे पुढचा परवा. पण "परवा सांगितलं होतं" म्हणजे मागचा परवा. बोलताना हे सहज कळतं, कारण पुढचं-मागचं बोलणं कानावर असतं. तुटक मेसेजमध्ये "परवाचं व्हर्जन" असं आलं तर कुठलं समजायचं? तीच गत '५/६' या तारखेची. आपल्याला ती ५ जून, अमेरिकन माणसाला ६ मे. "ईओडी" म्हटलं तर कुणाचा दिवस, सोलापूरचा की न्यू जर्सीचा? "पंधरा दिवसांत" मध्ये रविवार धरायचे की नाही?

टॉवेलवाला हे कसं सोडवतो?

याचं उत्तर शोधायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. सोलापूरचा टेरी टॉवेल आणि सोलापुरी चादर, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. हा माल वर्षानुवर्षं लांबच्या गिऱ्हाइकाला जातोय. मागावर बसणाऱ्या माणसाने ते गिऱ्हाईक कधी बघितलेलं नसतं. म्हणजे विखुरलेल्या टीमचा अनुभव आपल्या गावाला सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीपासून आहे.

गिऱ्हाईक म्हणालं, "चांगला जाड टॉवेल पाहिजे, बाथ साइझ." एवढ्यावर कुठलाही शहाणा कारखानदार माग चालू करत नाही. तो आकडे विचारतो. जीएसएम किती? म्हणजे एका चौरस मीटरला वजन किती ग्रॅम? लांबी-रुंदी किती? बॉर्डर कशी? मग एक सँपल तयार करून पाठवतो. गिऱ्हाईक ते हातात घेऊन बघतं, हवं ते बदलायला सांगतं आणि मंजूर करतं. मंजूर सँपल दोघांकडे राहतं. त्यानंतरच मोठी ऑर्डर मागावर चढते.

आकडे का विचारायचे, त्याचा हिशोब करून बघा. गिऱ्हाईक म्हणालं ३० बाय ६० इंच, ५०० जीएसएम. आपल्या माणसाने सोयीसाठी ७५ बाय १५० सेंटिमीटर धरलं. "जवळपास तेच की!" पण ३० बाय ६० इंच म्हणजे ७६.२ बाय १५२.४ सेंटिमीटर. त्या टॉवेलचं वजन साधारण ५८१ ग्रॅम भरतं, आणि ७५ बाय १५० चं ५६२.५ ग्रॅम. एका टॉवेलला १८ ग्रॅमचा फरक. दहा हजार टॉवेलच्या ऑर्डरला १८१ किलो! सँपल आधी गेलं असतं तर हा फरक एका टॉवेलवर सापडला असता.

सॉफ्टवेअरमधलं सँपल म्हणजे काय? खरे आकडे घालून लिहिलेलं उदाहरण. "अमुक परिस्थिती असताना, अमुक बटण दाबलं, तर अमुक झालं पाहिजे." एवढंच. ही मांडणी सॉफ्टवेअरच्या दुनियेत नवी नाही. डॅन नॉर्थ यांनी २००६ मध्ये ती लिहून लोकप्रिय केली, आणि गोयको आजिच यांनी २०११ मध्ये 'स्पेसिफिकेशन बाय एग्झाम्पल' नावाचं आख्खं पुस्तक याच विषयावर काढलं. मोठ्या कंपन्या यासाठी वेगळी टूल्स वापरतात. तुम्हाला एक मेसेज पुरतो.

मेसेजचा नमुना (हा कॉपी करा)

> नमस्कार सर,
> 'बिल रद्द' बद्दल आम्हाला समजलं ते असं. चुकत असेल तिथे सांगा.
>
> उदाहरण १, नेहमीचं: बिल नंबर १०१, सोमवारी सकाळी ११ ला केलं. १०० टॉवेल. आयआरएन निघालाय, ई-वे बिल नाही. सोमवारी दुपारी ४ ला रद्द केलं. काय होईल: आयआरएन पोर्टलवर रद्द होईल, बिल यादीत 'रद्द' म्हणून दिसत राहील, १०० टॉवेल स्टॉकला परत येतील, १०१ नंबर पुन्हा वापरला जाणार नाही.
>
> उदाहरण २, काठावरचं: तेच बिल मंगळवारी दुपारी १२ ला रद्द करायला गेले. २५ तास झालेत. काय होईल: रद्द होणार नाही, स्क्रीनवर 'क्रेडिट नोट करा' असं येईल.
>
> उदाहरण ३, जे व्हायला नको: सेल्समनने लॉगिन केलं. काय होईल: त्याला 'रद्द' बटण दिसणारच नाही. फक्त मालक आणि अकाउंटंटला दिसेल.
>
> दोन प्रश्न:
> अ) ई-वे बिल चालू असेल तर सॉफ्टवेअरनेच ते आधी रद्द करावं, की युजरला फक्त सूचना द्यावी?
> ब) रद्द करायचं कारण यादीतून निवडायचं, की हाताने लिहायचं?
>
> 'ब' चं उत्तर बुधवारपर्यंत नाही आलं तर आम्ही यादी धरून पुढे जातो. 'अ' चं उत्तर येईपर्यंत तो भाग थांबवून ठेवतो.

क्लायंट इंग्रजीवाला असेल तर इंग्रजीत लिहा, मांडणी हीच ठेवा.

आता गंमत बघा. "रिक्वायरमेंट क्लिअर आहे ना सर?" असं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, "हो हो, करा." पण उदाहरण वाचल्यावर इचलकरंजीचा अकाउंटंट बोलू लागतो, "अहो, टॉवेल स्टॉकला परत कसे? गाडी गेटच्या बाहेर गेलेली असली तर?" हा मुद्दा पहिल्या मेसेजमध्ये कुठेच नव्हता. क्लायंटने तो लपवला नव्हता, त्याला तो आठवलाच नव्हता. आकडा आणि प्रसंग डोळ्यांसमोर आला की माणसाला आठवतं. तुमच्या चुकीच्या उदाहरणातूनसुद्धा बरोबर माहिती बाहेर येते, म्हणून चुकायला घाबरू नका. इथे चूक झाली तर दहा मिनिटांची, नंतर झाली तर दहा दिवसांची.

हा मेसेज लिहिताना पाच गोष्टी सांभाळा

पहिली: तीन प्रकारची उदाहरणं द्या. एक नेहमीचं, एक काठावरचं, एक नकाराचं. बहुतेक घोळ काठावर होतात: २४ तास, शून्य रक्कम, महिन्याची शेवटची तारीख, ३१ मार्च. नेहमीचं उदाहरण सगळ्यांना सारखंच समजलेलं असतं.

दुसरी: सगळे प्रश्न एकदम पाठवा, आणि पर्याय देऊन पाठवा. "काय करू?" असा मोकळा प्रश्न आला की बिझी माणूस तो बाजूला ठेवतो. "१ की २?" असं विचारलं की गाडी चालवता चालवता नाही, पण सिग्नलला थांबल्यावर तरी उत्तर देतो!

तिसरी: उत्तर नाही आलं तर काय, हे आधीच सांगा. पण इथे एक पथ्य पाळा. बदलायला सोपं असेल तिथेच "आम्ही असं धरून पुढे जातो" म्हणा. पैसा, टॅक्स, आणि डेटा पुसला जाणं, या तीन ठिकाणी अंदाजाने पुढे जायचं नाही. तिथे थांबा आणि फोन करा.

चौथी: 'हो' म्हणणारा माणूस एकच ठरवा. मालक एक सांगतो, अकाउंटंट दुसरं, मालकाचा मुलगा तिसरं. पहिल्याच दिवशी विचारून घ्या, "सर, शेवटचा शब्द कुणाचा?" बाकीच्यांचं ऐका जरूर, पण काम त्या एकाच्या 'हो' वर सुरू करा.

पाचवी: सगळं एका जागी ठेवा. व्हॉइस नोट ऐकली, फोनवर बोलणं झालं, तर त्याच दिवशी चार ओळी लिहून ग्रुपवर टाका: "आज फोनवर ठरलं ते असं." मग त्या एका शीटमध्ये उतरवा. हैदराबादची टेस्टर त्या फोनवर नव्हती. तिच्यासाठी जे लिहिलं गेलं नाही ते ठरलंच नाही.

नुसतं लिहून भागतं का?

नाही. याचं सगळ्यात महागडं उदाहरण मंगळावर आहे.

नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' यान ११ डिसेंबर १९९८ ला सुटलं. काम दोन गावांत वाटलेलं होतं. यान बनवणारी लॉकहीड मार्टिनची टीम डेनव्हरजवळ, दिशा सांभाळणारी नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची टीम कॅलिफोर्नियात. यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्याचा आकडा एका टीमचं सॉफ्टवेअर पौंडाच्या हिशोबात देत होतं, दुसरी टीम तो न्यूटनच्या हिशोबात वाचत होती. फरक जवळपास साडेचार पटीचा. २३ सप्टेंबर १९९९ ला यान मंगळाच्या खूपच जवळून गेलं आणि कायमचं हरवलं.

ही गोष्ट बहुतेक इंजिनिअरना माहीत असते. पण तिच्यातला महत्त्वाचा मुद्दा राहून जातो. दोन सॉफ्टवेअरमध्ये माहिती कशी द्यायची याचा कागद तयार होता, आणि त्यात मेट्रिक एकक वापरा असं लिहिलेलंही होतं! कागद होता, पण त्या कागदाबरहुकूम आकडा येतोय का, हे एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत कुणी पडताळलं नाही. चौकशी मंडळानेही दोन टीममधला संवाद अपुरा होता असं नोंदवलं.

आपल्यासाठी धडा सरळ आहे. मंजूर झालेलं उदाहरण कपाटात ठेवू नका. टेस्टिंग करताना तीच तीन उदाहरणं, तेच आकडे घालून चालवून बघा. डेमोतही क्लायंटला बिल नंबर १०१ च दाखवा. टॉवेलवाला पहिला माल निघाला की मंजूर सँपलला लावून बघतो, अगदी तसं.

मुलं विचारत का नाहीत?

आता थोडं मालकांशी बोलतो.

तुमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा असतो. कॉलेज सोलापुरातलं, हुशार आहे, कोड चांगला लिहितो. पण क्लायंटच्या कॉलवर तो गप्प. त्याला वाटतं, आपलं इंग्रजी तोकडं पडेल. विचारलं तर सर म्हणतील, एवढंही कळत नाही? घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, कॉलवर इंग्रजी, एवढं सगळं डोक्यात फिरवून प्रश्न तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग तो म्हणतो, "समजलं सर." आणि रात्री अंदाजाने काम करतो. चूक निघाली की बोलणी त्यालाच बसतात.

"काही शंका?" असं विचारून हे सुटत नाही. त्याचं उत्तर कायम "नाही सर" असंच येतं. त्याऐवजी त्याला काम द्या: "तू मला सांग, मंगळवारी बारा वाजता बिल रद्द केलं तर स्क्रीनवर काय दिसेल?" त्याला सांगता आलं तर समजलंय. अडखळला तर प्रश्न सापडला, आणि तो प्रश्न त्याच्या अज्ञानाचा राहिला नाही, कामाचा झाला. वरचा मेसेजही त्यालाच लिहायला लावा. बोलताना अडणारा मुलगा लिहिताना नीट मांडतो, आणि चार मेसेजनंतर कॉलवरही बोलायला लागतो. ज्या दिवशी त्याने कुणालाच न सुचलेलं काठावरचं उदाहरण काढलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर शाबासकी द्या.

"तुम्ही फार प्रश्न विचारता बुवा!"

असं म्हणणारा क्लायंट भेटणारच. त्याला शांतपणे सांगा, "सर, आज तुमची दहा मिनिटं घेतोय, म्हणजे महिनाअखेरीला तुमच्या अकाउंटंटचा दिवस वाया जाणार नाही." बहुतेक धंदेवाल्यांना हा हिशोब पटतो.

याचा आणखी एक फायदा पैशाच्या बोलण्यात होतो. मंजूर उदाहरण हातात असेल तर नंतरचा वाद सरळ सुटतो. उदाहरणाप्रमाणे काम झालं नसेल तर चूक आपली, दुरुस्ती फुकट. उदाहरणाप्रमाणे झालंय आणि क्लायंटला आता वेगळं हवंय, तर तो बदल आहे, त्याचे पैसे वेगळे. हे आवाज न चढवता सांगता येतं, कारण दोघांच्या समोर तोच मेसेज असतो.

आणि हो, याचा अतिरेकही करू नका. बटणाचा रंग बदलायला तीन उदाहरणं लागत नाहीत. माझा साधा नियम सांगतो: काम अर्ध्या दिवसापेक्षा मोठं असेल, किंवा त्यात पैसा, टॅक्स, डेटा यातलं काही असेल, तर उदाहरणं लिहा. बाकीचं बिनधास्त करून टाका.

या आठवड्याचं काम

टीमच्या हातात सध्या असलेल्या कामांपैकी सगळ्यात मोठं एक काम निवडा. टीममधल्या प्रत्येकाला, एकमेकांशी न बोलता, त्या कामाचं एक काठावरचं उदाहरण लिहून पाठवायला सांगा. आकड्यांसकट. मग सगळी उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत, तोच प्रश्न उद्या सकाळी क्लायंटला जायला हवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे: ठरलेल्या कामातला बदल आणि त्याचं कोटेशन. तोपर्यंत, सँपल मंजूर झाल्याशिवाय माग चालू करायचा नाही!